फेरिदुन सरांचा फुगा

लष्करानं सत्ता घेतली आणि फेरिदुन सरांची विद्यापीठातली नोकरी गेली. त्यांचं नाव छापायची कुणाची छाती होईना. मग इस्तंबूलच्या बेयोलू भागातल्या आमच्या गुत्त्यात, राकीचा एकच पेला पुरवून पुरवून पीत, ते आम्हालाच व्याख्यानं देऊ लागले. 'ऐतिहासिक जाणिवेचं अंतर्गत विघटन' हे शब्द त्यांनी खरबूज कापतानाही वापरले. मी ते बिलामागे टिपून घेतले, दाढी, पाइप, मफलरवाला एक माणूस काढला आणि त्याच्या तोंडाजवळच्या फुग्यात ते घातले. आमच्या विनोदी साप्ताहिकात चित्र आलं आणि अख्खं इस्तंबूल हसलं.

सर भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी अंक निरखून पाहिला.

"सेदात, दोन वर्षांनी माझं वाक्य छापून आलं बघ. पुढच्या आठवड्याला काय घेतोस?"

तेव्हापासून दर सोमवारी तेच मला वाक्यं पुरवू लागले. रस्त्यात पोरं "काय विघटनराव!" म्हणत, तर हे टोपी काढून नमस्कार करत. मला ते खुळेच वाटायचे.

मार्चमध्ये त्यांचा विद्यार्थी तुरहान कोठडीत मेला. तिसऱ्या मजल्यावरून त्यानं उडी मारली, असं पेपरात आलं. त्या सोमवारचा सरांचा मजकूर नेहमीसारखाच अगडबंब होता, फक्त मधोमध एक साधी ओळ होती: तुरहाननं उडी मारलेली नाही.

"एवढ्या गचपणात लष्करवाल्यांना दिसणार नाही रे," सर म्हणाले. "त्याच्या आईला दिसेल. तिला मी अंक नेऊन देणार आहे."

संपादक ओक्ताय यांनी चित्र पाहिलं, हसले, फुगा फार मोठा झालाय, एक ओळ काढ म्हणाले आणि फोन घ्यायला गेले. कुठली ओळ, ते त्यांनी सांगितलं नाही. मी घाबरलो होतो. ती ओळ मी ब्लेडनं खरवडून काढली.

गुरुवारी सर दोन अंक घेऊन गुत्त्यात आले. चित्र उघडलं आणि बराच वेळ पाहत बसले.

"फुगा छोटा झालाय," ते म्हणाले.

संपादकांनी सांगितलं, असं मी म्हणालो. तुरहानच्या आईसाठी घेतलेला अंक त्यांनी माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि ते उठले. पुन्हा कधी आले नाहीत.

पुढच्या सोमवारी मी वाट पाहिली. मग वाक्यं मीच रचली आणि अख्खं इस्तंबूल पुन्हा हसलं.