निळ्या डब्यावरचा डिंक

तायडेकाकांच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी करोल बागेत पडद्यांचं कापड बघत होते. "ताई, बाबा गेले," एवढं मराठीत म्हणाली, पुढचं सगळं हिंदीत, आणि त्यातलं मला काहीच कळलं नाही. दुकानदार थान उलगडतच होता. खरं सांगते, मला रडू नाही आलं. आधी ती टेप आठवली… काकांनी काढायला सांगितलेली, आणि मी न काढलेली.

तायडेकाका मुनिरक्यात माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे. मूळचे अकोल्याकडचे. दहावीनंतर थेट दिल्ली, आणि सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या मॉडेल रूममध्ये. प्रदर्शनांसाठी धरणं, पूल, रेल्वेचे डबे लहान करून बनवायचे, रंगवायचे. निवृत्तीनंतर तेच काम घरी, स्वतःच्या हौसेसाठी. मी परीक्षांच्या तयारीसाठी वाशीमहून आलेली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही केमिस्ट्रीची, आणि हे मी तेव्हा कुणालाही पहिल्या भेटीतच सांगायचे. आजही सांगते. काकांना सांगितलं तेव्हा ते रेल्वेच्या हातभर लांबीच्या एका डब्यावरची टेप सोलत होते. "अच्छा! केमिस्ट्रीवाल्या का तुम्ही?" म्हणाले. "मग सांगा मॅडम, हा टेपचा डिंक राहिलाय रंगावर, कशानं निघंल?" मी तोऱ्यात म्हटलं, थिनरनं. त्यांनी थिनरची बाटली आणि चिंधी माझ्या हातात दिली. मी पुसलं. डिंक निघाला, त्याखालचा निळा रंग निघाला, त्याखालचं लाकूडही दिसलं. काका इतके हसले की प्रज्ञा आतून धावत आली. "पास झाली पोरगी! डिंक काढ म्हटलं तर डबाच काढला!" एका आठवड्याची मेहनत मी घालवली होती, आणि त्या माणसानं मला चहा पाजला.

मग त्यांनीच शिकवलं. निळ्या डब्यावर पांढरी पट्टी ओढायची तर पट्टीच्या वर आणि खाली कागदी टेप लावायची, मधे रंग भरायचा, आणि टेप त्याच संध्याकाळी काढायची. दिल्लीच्या मे महिन्यात ती राहिली तर डिंक वितळून रंगात बसतो. बसलाच, तर नख लावायचं नाही. ताज्या टेपचा तुकडा हलके दाबून उचलायचा, पुन्हा दाबायचा. उरलेल्यावर खोबरेल तेलाचा थेंब, आणि थांबायचं. मग बोटानं गोल गोल, डिंकाच्या बारीक गोळ्या होईपर्यंत. शेवटी साबणाच्या पाण्याची चिंधी. जानेवारीत तेल गोठायचं, तेव्हा काका बाटली काखेत धरून बसायचे, आणि कुणी आलं की म्हणायचे, "ताप बघतोय." मला नोकरी लागली, ऑफिसात केबिन मिळाली, तरी रविवार त्यांच्याच खोलीत जायचा. माझ्या हातातली घाई गेली ती तिथे. कॉलेजात नाही गेली.

या मे महिन्यात त्यांनी शेवटच्या डब्यावर टेप लावली, पट्टी रंगवली, आणि दुपारीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून फोन. "रत्ना, डब्यावर टेप राह्यली. प्रज्ञा इथं माझ्यापाशी. किल्ली तुझ्याजवळ आहे ना? आजच काढ." मी म्हटलं, बिल्कुल काका. ऑफिसात त्या आठवड्यात तपासणी होती. जिना उतरून दहा मिनिटांचं काम, पण नाही उतरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काढली?" मी म्हटलं, काढली. "रेघ कशी आली गं?" मी म्हटलं, "एकदम सरळ, काका. तुमची रेघ ती."

ते म्हणाले, "अच्छा… छान."

त्यानंतर ते अकरा दिवस होते. दोनदा मी भेटायला गेले. त्यांनी डब्याचं नाव काढलं नाही, मीही नाही.

ते गेल्यावर दोन आठवड्यांनी प्रज्ञानं त्यांची कामाची खोली उघडली. टेप सोलली तर कागद हातात आला आणि डिंक सगळा डब्यावर, काकवीसारखा. प्रज्ञा म्हणाली, "ताई, फेंक देते हैं यार, खराब झालाय." मी म्हटलं, हात लावू नकोस. चार रविवार लागले मला. तेल, थांबणं, बोट. थांबण्याच्या वेळात करायला काही नसायचं, त्यांच्या खुर्चीकडे बघत बसायचे. आत्ता म्हणतील काही, असं वाटत राहायचं… चौथ्या रविवारी शेवटची खिडकी साफ झाली आणि तिच्याखाली पट्टी मोकळी झाली.

ती सरळ नव्हती. मधोमध टेप लावतानाच हात हलला होता, चांगला तांदळाच्या दोन दाण्यांएवढा खाली घसरून पुन्हा वर आला होता. चाळीस वर्षांत त्यांची रेघ कधी हलल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यांना ते टेप लावतानाच दिसलं असणार. म्हणजे फोनवर विचारलं तेव्हा रेघ कशी आलीय, हे त्यांना ठाऊक होतं. मी एकदम सरळ म्हटलं, तेव्हाच त्यांना कळलं असणार, की पोरगी खाली उतरलेलीच नाही.

आणि तरी, "छान."

बारीक ब्रशनं ती रेघ मी पाच मिनिटांत सरळ करू शकते, तेवढं त्यांनी शिकवलंय. केली नाही. प्रज्ञानं डबा मलाच दिला, आता तो ऑफिसात माझ्या टेबलावर असतो. फायली घेऊन येणारे बघतात. परवा एकजण वाकून म्हणाला, "मैडम, बढ़िया है, पर ये लाइन थोड़ी टेढ़ी है।"

"हां," मी म्हटलं. "टेढ़ी है।"