एक बाई कमी भरतेय

तुमच्या हातातला माऊस मामा अलगद काढून घ्यायचे आणि वायर पुरेल तितका लांब, खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवायचे. "आदी वाचा, मॅडम. दाबायचं काय, कवाबी दाबता येतंय." मग टेबलाच्या खणातून लाकडी फूटपट्टी काढून ती स्क्रीनवर ओळीखाली धरायचे आणि पुटपुटत वाचायला लागायचे. स्क्रीनला फूटपट्टी लावून वाचणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर कळवा.

भोरमध्ये आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ते कारकून होते. शिपाई म्हणून लागले आणि वर चढत चढत कारकुनाच्या खुर्चीपर्यंत आले. प्राचार्यांपासून अकरावीच्या पोरांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. ग्रंथालयात येण्याआधी ते बाजारपेठेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत असत, आणि त्यांचं सगळं शिक्षण तिथेच झालं असं ते सांगत. "पत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं, तर चुलता मांडवात येतो पर जेवत न्हाई. म्या डोळ्यानं बघितलंय." त्यामुळे नावाच्या बाबतीत मामा फार चिकट. आम्हा प्राध्यापक मंडळींना त्याचा कंटाळा यायचा. मला तर सगळ्यात जास्त, कारण माझा स्वभाव मुळातच घाईचा.

प्रबंध लिहिण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रबंधात कुठलं पुस्तक वापरलं, कोणाची मुलाखत घेतली, याची यादी शेवटी द्यावी लागते. ती हाताने करताना माणूस रडकुंडीला येतो. म्हणून आता कॉम्प्युटरवर त्यासाठी प्रोग्रॅम मिळतात. नाव, वर्ष, गाव एकदा भरलं की यादी आपोआप तयार होते. असा एखादा प्रोग्रॅम कॉलेजने घ्यायचं ठरवलं. तिघांची समिती झाली, तीत मीही होते. समितीने समित्या करतात तेच केलं, म्हणजे काम मामांकडे सरकवलं. तीन प्रोग्रॅम तपासा आणि तुलना करून दोन पानं लिहून द्या, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या कोणी नेटवरचा तक्ता छापून आणला असता. मामांनी तीन आठवडे घेतले. चाळीस नोंदी निवडल्या, त्याही मुद्दाम अडचणीच्या. वेल्ह्याच्या एका शाळेची स्मरणिका, तोरण्याच्या पायथ्याच्या निवृत्त गुरुजींनी स्वतः छापलेली आणि वर्षच नसलेली पुस्तिका, लेखकाचा पत्ता नसलेलं भातावरच्या रोगांचं माहितीपत्रक. त्याच चाळीस नोंदी तिन्ही प्रोग्रॅममध्ये दोन बोटांनी टाइप केल्या. आणि मग काय केलं असेल? सगळ्यांत मुद्दाम चुका केल्या.

"हे कशाला, मामा?" मी विचारलं.

"घालायला तिन्ही सोपीच हायती. चुकलेलं काडायला कोन सोपं, ते बगायचं."

तिन्ही प्रोग्रॅमना त्यांनी टोपणनावं दिली होती. पहिला तलाठी. सगळे रकाने भरल्याशिवाय पुढे हलू द्यायचा नाही. गुरुजींच्या पुस्तिकेला वर्ष नाही म्हणून त्याने ती तीन वेळा परत केली. दुसरा उतावळा. पुस्तकामागचा नंबर टाकला की नेटवरून सगळी माहिती स्वतःच ओढून आणायचा. एकदा मामांचा एक आकडा चुकला, तर भातशेतीवरच्या पुस्तकाऐवजी त्याने मांजरी पाळण्यावरचं इंग्रजी पुस्तक आणून ठेवलं, मुखपृष्ठासकट. मामा दिवसभर येईल त्याला ते मांजर दाखवत होते. तिसरा गरीब. तो काहीच आणायचा नाही, अक्षर न् अक्षर हाताने भरायचं. पण कुठली नोंद कधी बदलली आणि आधी तिथे काय होतं, हे सगळं शेजारी दाखवायचा, आणि म्हणाल तेव्हा जुनं परत द्यायचा. "ह्यो गरीब हाय, पर काय लपवत न्हाई," असं मामांनी दोन पानांच्या शेवटी लिहिलं होतं. समितीने ते वाक्य खोडलं आणि उतावळा घेतला.

मला उतावळाच आवडत होता. माझा प्रबंध भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरी गावांतल्या रानभाज्यांवर होता. कुठली भाजी कधी खुडायची, कुठल्या कंदाचं विष कसं काढायचं, हे ज्या बायकांना ठाऊक, त्यांच्या सव्वीस मुलाखती मी घेतल्या होत्या. त्या सगळ्या उतावळ्यात भरल्या होत्या. सोमवारी प्रबंध पुण्यात द्यायचा होता. शुक्रवारी दुपारी यादीचा कागद मामांच्या पुढे ठेवला आणि म्हटलं, फक्त नजर टाका.

मामांनी माझ्या मुलाखतींच्या वह्या मागून घेतल्या. तासाभराने माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. कधी वर्गात न येणारा माणूस.

"मॅडम, एक बाई कमी भरतेय."

"कोण बाई?"

"वहीत सव्वीस हायती. कागदावर पंचवीस. एक बाई कुठं गेली?"

बाई कुठे गेली ते माझ्या लगेच लक्षात आलं. उतावळ्यात एक बटण होतं, सारख्या नोंदी एकत्र करणारं. आदल्या आठवड्यात त्याने मला दोन नोंदी सारख्या दाखवल्या होत्या. नाव हौसाबाई, आडनाव तेच, गाव हिर्डोशी, वर्ष तेच. चुकून दोनदा भरली असेल, असं समजून मी बटण दाबलं होतं. त्या दोन वेगळ्या बायका होत्या. अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आणि उतावळ्याला नावाचे दोनच रकाने, म्हणून मी नवऱ्याचं नाव गाळलं होतं. आता दोघींचं बोलणं एकाच नोंदीत मिसळलं होतं. वहीतही मी दोन्ही ठिकाणी नुसतं हौसाबाई लिहून मोकळी झाले होते. कुठलं बोलणं कोणाचं, मलाच सांगता येईना.

आणि त्या दोघींतल्या म्हातारीने निघताना माझा हात धरून विचारलं होतं, "माजं नाव घालशील न्हवं गं, बाय? पत्रिकेत दिराचं येतं, पोराचं येतं. माजं कदी कुठं छापून आलं न्हाई." मी हो म्हटलं होतं. तोंडभरून.

"मामा, सोमवारी द्यायचंय हो. आज शुक्रवार," मी म्हणाले.

"मंग मदी शनवार हाय की."

शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. धरणाच्या पाण्याकडेने गाडी हळूहळू वर चढत होती आणि मी स्वतःवरच चिडले होते. मामा मात्र मजेत होते. पिशवीत फूटपट्टी होती, ती कशाला घेतली होती ते तेच जाणोत. फाट्यावर उतरून पुढे चालत गेलो.

खालच्या वाडीतली हौसाबाई पन्नाशीची. भात भरडून आणायला निघाली होती. मामांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिने लाजून शेजारणीकडे बघितलं आणि शेजारणीने ते सांगितलं. कडू करांद्याच्या कंदाचं विष काढायचं तूच सांगितलंस का, असं विचारल्यावर ती हसायला लागली. "आमी करांदं खातच न्हाई. ते वरल्या म्हातारीला इचारा. म्या कुर्डूच्या भाजीचं सांगितलं हुतं."

वरची म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. तिने सगळं पुन्हा सांगितलं. करांदे राख घालून उकडायचे, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायचे. "निसतं उकडून खाल्लं तर घसा धरतोय, पोटात मळमळतंय. लिव्हलंस न्हवं तेवडं?" मामा वहीत लिहीत होते. नाव, नवऱ्याचं नाव, वाडी, घराच्या मागे उंबर. लिहून झाल्यावर तिला सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरूबर हाय का, मावशी?" म्हातारी म्हणाली, "व्हय, हीच मी."

मला त्या क्षणी त्या माणसाबद्दल जे वाटलं ते अजून तसंच आहे. मी मुलाखती घ्यायला सव्वीस जणींकडे गेले, पण असं वाचून कोणालाच दाखवलं नव्हतं.

रविवारी कॉलेज बंद. मामांनी रखवालदाराकडून किल्ली आणली आणि दिवसभर बसून सव्वीसच्या सव्वीस मुलाखती, तपासणीपासून त्यांच्या कॉम्प्युटरवर राहिलेल्या त्या गरीब प्रोग्रॅममध्ये नव्याने भरल्या. यादी झाल्यावर मी उठले, तर म्हणाले, "आता पयल्या पानापासनं येकदा." प्रबंधाचं पान न् पान फूटपट्टी लावून वाचलं. ऋणनिर्देशाच्या पानावर त्यांनी एक राहिलेला स्वल्पविरामही घालून दिला. सोमवारी मी प्रबंध दिला.

पदवी मिळाल्यावर बांधलेली प्रत घेऊन आम्ही दोघं पुन्हा हिर्डोशीला गेलो. मामांची निवृत्ती तीन महिन्यांवर आली होती. म्हातारीने हात धुतले, पदराला पुसले, मगच पुस्तक मांडीवर घेतलं. मामांनी यादीचं पान काढून तिचं बोट धरून नावावर ठेवलं. तिने ते नाव बराच वेळ चाचपलं. मग सुनेला हाक मारली, नातवाला हाक मारली, शेजारच्या घरातल्यांनाही बोलावलं. प्रत्येकाला तिने स्वतः बोट ठेवून जागा दाखवली, आणि एकदाही चुकली नाही.

मग मामांना म्हणाली, "आन दादा, तुजं कुठं हाय?"

ऋणनिर्देशाचं पान मी प्रबंध देण्याच्या दोन महिने आधीच लिहून ठेवलं होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी प्रबंधावरून बघून. त्यात मार्गदर्शक होते, प्राचार्य होते, सासूबाई होत्या, सगळे नावानिशी. शेवटी एक ओळ होती: तसेच ग्रंथालयातील सर्व कर्मचारी. मामांनी ते पान त्या रविवारी वाचलं होतं. स्वल्पविराम त्याच ओळीच्या वर घातला होता.

मामांनी पानं मागे उलटली. त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हातारीला म्हणाले, "हे काय, मावशी. हितं."

"मोटं हाय की रं," म्हातारी म्हणाली.

"व्हय. लांबलचक हाय."

परतीच्या एसटीत मी म्हणाले, "मामा, चुकलं माझं. ते पान मी बदलून घेते, बांधणारा ओळखीचा आहे."

"नको, मॅडम. येक पान बदललं की म्होरची सगळी परत वाचाया लागत्यात." मग खिडकीबाहेर धरणाचं पाणी बघत बसले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

मामा निवृत्त झाले, आणि त्यानंतर वर्षभरातच गेले. निदान इथे तरी त्यांचं नाव लिहावं म्हणून विचारायला मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि त्या म्हणाल्या, "त्यांना इचारल्याबिगर कसं छापायचं, मॅडम?" म्हणून इथेही नुसतं मामाच लिहिलंय. प्रबंधाची प्रत ग्रंथालयात दाराशेजारच्या कपाटात आहे. ते पान बदलायचं अजून राहिलंय, आणि आता बदललं तरी पुढची सगळी पानं परत वाचायला मामा नाहीत.