देवापुढचा दहा नंबरचा पाना

मंडळी, आमच्या गोव्यातल्या मये गावच्या घरी गाडीचं बारीकसारीक काम मीच करतो. काल खंडेनवमीला सकाळी नवे प्लग टाकले, बॅटरी घासूनपुसून बसवली.

आज दसरा. तुये गावात अकरा वाजता भाचीचा साखरपुडा. चावी फिरवली तर नुसतं ‘टक्’, आणि मीटरचे दिवेही गेले.

बायको म्हणाली, “मेकॅनिकला बोलावू?”

म्हटलं, गरज नाही. दिवे जातात म्हणजे प्लगचा दोष नाही, बॅटरी बघायची. बोनेट उघडलं, तर बॅटरीचा क्लॅम्प हातानेच फिरला! काल मी तो आवळायच्या आतच आईने सगळी हत्यारं पूजेला नेली होती, आणि मी विसरलो.

आता पाना देवापुढे, हळदकुंकू लावून झेंडूखाली. आमच्याकडे पुजलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवत नाहीत. मी देवघराच्या दारातच थांबलो.

आईनेच तो उचलून माझ्या हातात दिला. “घे रे. कामाक लागलें म्हणजेच पुजा पावली.”

क्लॅम्प आवळला, पहिल्याच चावीला गाडी सुरू!

तुमच्या घरी काय केलं असतं, सांगा. मी पाना परत देवापुढे ठेवताना ग्रीस पुसायला गेलो, तर आई म्हणाली, “रावूं दी तें ग्रीस.”