जिभेखालचा पडदा

मृणालिनी पुण्यात कॉलेजात फिजिक्स शिकवायची. लग्नानंतर दुबईला आली आणि १९९७ च्या जूनमध्ये तिला मुलगी झाली, शुभ्रा. नवरा सदानंद जबल अलीच्या एका गोदामात सुपरवायझर. सकाळी सहाच्या कंपनी बसने जायचा, यायचा संध्याकाळी सातला. सासूबाईंचा व्हिसा अडकलेला. बाळंतिणीजवळ कुणीच नव्हतं.

छातीशी घेतलं की शुभ्रा दोन-चारदा चोखायची, टक्‌ असा आवाज व्हायचा आणि तोंड सुटायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा सुटायचं. तासाभराने ती रडून दमून उपाशीच झोपायची. आठव्या दिवशी दुधाबरोबर रक्त आलं. मृणालिनी दात आवळून पाजत राहिली.

"अळीव खातेस ना?" सासूबाई फोनवर विचारायच्या. "आमच्याकडे कुणालाच दूध कमी पडलं नाही हो."

क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी वजन केलं. जन्माच्या वेळेपेक्षाही कमी भरलं. बाळाचं तोंड न उघडताच ते म्हणाले, "माँ का दूध कम है. पावडर शुरू करो."

"देऊ या ना थोडे दिवस डबा," सदानंद म्हणाला.

"दूध आहे रे मला! ब्लाउज भिजतोय, दिसत नाही का तुला?"

"मग पीत का नाही ती?"

बाटली सुरू झाली. शुभ्राचं वजन वाढू लागलं आणि मृणालिनीचं दूध आटत गेलं.

चौथ्या महिन्यात शेजारची शहनाझ भेटायला आली. तिने रडणाऱ्या शुभ्राला उचललं आणि तोंडात पाहिलं. "भाभी, इसकी ज़बान तो नीचे से बँधी है. मेरे दूसरेवाले की भी थी."

जिभेखालचा पडदा पार टोकापर्यंत आलेला होता. जीभ उचललीच जात नव्हती.

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो कात्रीने कापला. मिनिटभराचं काम. "पहिल्याच आठवड्यात आणायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

तिथेच पडद्याआड मृणालिनीने तिला पदराखाली घेतलं. शुभ्राने पहिल्यांदाच घट्ट धरलं. जराही दुखलं नाही. चार-पाचदा जोरात ओढलं, काहीच आलं नाही, तशी मान फिरवून ती किंचाळली. पुढे पंधरा दिवस मृणालिनीने प्रयत्न केला. मग सोडून दिला.

डिसेंबरात ते पुण्याला गेले. बघायला आलेल्या बायकांना सासूबाई सांगत होत्या, "हिला दूधच नव्हतं बाई."

"आई, तिची जीभ—"

"असू दे गं. असतं एकेकीचं."

मृणालिनी उठली आणि बाटली उकळायला आत गेली.