मी दार उघडेपर्यंत

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘खडूस’ म्हणायचे, आणि ते नाव त्यानं एकतीस वर्षं राबून कमावलं होतं. कोणी कौतुकानं म्हणालं, “वा, रोज लोकांची सुटका करता!” की तो फिस्सकन हसायचा. “सुटका कसली? अहो, आत अडकलेल्याला काय होतंय? हवा असते, फार तर लघवीला लागते. माणूस मरतो तो बाहेरच्या शूरवीरांच्या हातून.”

हे तो उगाच बोलत नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याचे उस्ताद गच्चीवरच्या मशीनरूममध्ये, ब्रेक सोडून हातानं चाक फिरवत, अडकलेली लिफ्ट मजल्याला लावत होते. वरून खालचं काही दिसत नाही. नेमकं तेव्हाच खाली चौघांनी दार उचकटून एका गृहस्थाला अर्धा बाहेर ओढला होता. पुढचं खडूस कधी सांगत नसे. उस्तादांनी त्या दिवशी हत्यारं खाली ठेवली ती कायमची.

म्हणून त्या दुपारी चौथ्या मजल्यावरचा देखावा पाहून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लिफ्ट छातीइतक्या उंचीवर लटकलेली, तिच्याखाली काळाकुट्ट खड्डा. सोसायटीच्या सेक्रेटरीनं पहारीनं दार उचकटलेलं. दोघांनी बाह्या सरसावलेल्या, तिसरा मोबाईलवर शूटिंग करतोय. आत होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत. काठी सावरत त्या कडेपर्यंत आल्या होत्या.

“पाय सोडा बाई, आम्ही झेलतो!” सेक्रेटरी ओरडत होता.

“झेलतो? त्या काय चेंडू आहेत?” खडूस गरजला. “व्हा बाजूला!”

“तुम्ही यायला पाऊण तास लावलात. आता आम्ही रेस्क्यू करतोय.”

रेस्क्यू म्हणे! बातम्या बघून शिकलेला शब्द. झाडावरचं मांजर उतरवलं, रेस्क्यू. मेव्हण्याला नोकरीला चिकटवला, तोही रेस्क्यू. असल्या माणसांची खडूसला शिसारी यायची. पण लिफ्ट हलवायची तर वर जायलाच हवं, आणि त्याची पाठ वळली की हे बाईंना ओढणार.

त्यानं मान उंचावून बाईंकडे पाहिलं. “बाई, मागे सरका आणि खाली बसा. कोणी काही म्हणो, मी दार उघडेपर्यंत उठायचं नाही. उठलात तर माझ्या हातून मराल.”

बाईंनी चष्म्यातून त्याला नीट न्याहाळलं. “बरं,” म्हणाल्या आणि भिंतीला टेकून त्यांनी फतकल मारली.

वर मशीनरूममध्ये त्यानं मेन स्विच बंद केला, चाक धरलं, ब्रेक सोडला, आणि पुढे हातच हलेना. खालून आरडाओरडा येत होता. उस्तादांनाही असाच ऐकू आला असेल. शेवटी त्या एका ‘बरं’च्या भरवशावर त्यानं चाक फिरवलं, वीतभर, मग आणखी वीतभर, सेक्रेटरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

लिफ्ट पाचव्या मजल्याला लागली, तसं खाली येऊन तिथलं दार त्यानं चावीनं उघडलं. बाई बसलेल्याच होत्या. खाली चौथ्यावर सेक्रेटरी बोटं चोळत होता. त्यानं बाईंचा हात धरून ओढायला बघितलं होतं, आणि बाईंनी काठीचा सणसणीत तडाखा हाणला होता.

आठवड्यानं सोसायटीची सभा भरली. ‘प्रसंगावधान राखून केलेल्या सुटकेबद्दल’ सेक्रेटरीला मानपत्र. खडूसला बोलावलं ते माईक चालेना म्हणून. माईक नीट करून तो दाराशी उभा राहिला. मग बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं.

“मला त्या दिवशी खरंच वाचवलं,” बाई म्हणाल्या. “या सेक्रेटरींपासून. वाचवणारा तो बघा, दाराशी उभा आहे.”

खडूसच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

सेक्रेटरीनं हसत माईक ओढून घेतला. “बाई अजून धक्क्यात आहेत. एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं ठराव मांडला, यापुढे प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारी एक पहार ठेवावी. ठराव मंजूर झाला. विरोधात वर गेला तो एकट्या बाईंचा हात.