तेल मुरलं का पाहाते

या, अशा दारात उभ्या राहून काय पाहता? जवळ येऊन बसा. आणि आधी ते बोलणं मागे घ्या. आल्या आल्या म्हणता, "आजी, तंबोरा किती काळवंडला, एक हात वार्निश मारा, आरशासारखा चमकेल." आरसा हवा असेल तर आत खुंटीला टांगला आहे, त्यात पाहा. तंबोरा काळवंडलेला नाही. इतकी वर्षं जवसाचं तेल प्यालेलं शिवणीचं लाकूड असंच दिसतं. हात लावून बघा. हात धुतलेत ना?

आता हे तेल मला कोणी शिकवलं ते ऐका, म्हणजे वार्निशाचं नाव पुन्हा काढणार नाही.

"तेल मुरलं का पाहाते," असं म्हणून आमच्या शेजारच्या वैनी एका बोटानं खर्जाची तार छेडायच्या. एकदाच. मग ती विरेपर्यंत डोळे मिटून ऐकायच्या. बुलढाण्याला आमच्या अंगणाला लागून त्यांचं अंगण, मधे छातीएवढी भिंत. नवरा कोर्टात नाझर, म्हणून सारी आळी त्यांना नाझरीणबाई म्हणे. मी वैनी म्हणायची. त्यांचं स्वतःचं नाव काय, हे आळीत एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि विचारावं हे सुचलंही नाही. या गोष्टीची मला अजून चीड येते.

तंबोऱ्याला खाली भोपळा असतो, हे मला सांगू नका. यांच्या तंबोऱ्याला नव्हता. वैनींचे वडील मेहकरकडे शाळामास्तर, गाण्याचे वेडे. त्यांनी धाड गावच्या एका मुसलमान सुताराकडून शिवणीचं खोड कोरून हा करवून घेतला. लाख नाही, रंग नाही, नुसतं तेल. जड एवढा की उचलला की कमरेला कळतं. पण आवाज कसा, तर मोठ्या डेऱ्यात ताक घुसळावं तसा, खालून येणारा.

लग्नात तो वैनींबरोबर सासरी आला. सासूबाईंना सगळे आत्याबाई म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "माहेरची वस्तू हाय, राहू दे. सांभाळ. पण वाजवायची नाही. हे नाझराचं घर हाय." जसं काही इथं तार छेडली की तिकडं कोर्टाची भिंत पडणार होती!

बरं, सांभाळ म्हणाल्या ना? मग वैनींनी सांभाळला.

पाऊस सरला, आश्विनाचं ऊन तापलं की तंबोरा अंगणात यायचा. तारा सैल करायच्या. कोरड्या फडक्यानं धूळ काढायची. कुठं खरखरीत लागलं तर खरवतीचं पान घासायचं. हे पान मांजराच्या जिभेसारखं असतं, सुतार लोक वापरतात. मग जुन्या लुगड्याच्या चिंधीनं उन्हात कोमट झालेलं जवसाचं तेल, लाकडाच्या रेषेरेषेनं. थोडा वेळ थांबायचं, आणि वर राहिलेलं सगळं पुसून घ्यायचं. मी एकदा पुसताना कंटाळले तर म्हणाल्या, "पुस, पोरी, अजून पुस. प्यायचं तेवढं ते प्यालं. आता राह्यलं ते चिकट होऊन बसते." दुसऱ्या दिवशी दुसरा हात, तिसऱ्या दिवशी तिसरा. मग तारा चढवायच्या आणि, हो, तेल मुरलं का पाहायचं.

मी लग्न होऊन आले त्या साली हे काम चार दिवस चाललं. पुढच्या साली आठ. आत्याबाई आतून ओरडायच्या, "अजून मुरलं नाही का वो ते तेल?"

"नाही ना आत्याबाई, यंदा लाकूड लई तहानलं!"

आणि भिंतीवरून माझ्याकडे पाहून डोळा मिचकावायच्या. तेव्हा मला कळलं. वर्षाचे तीनशेसाठ दिवस तोंड मिटून बसलेली ही बाई उरलेले दिवस तेलाच्या नावानं वाढवून घेत होती. स्वतःच्या तंबोऱ्याची एक तार छेडायला बहाणा! तुम्हाला हसू येतंय. मलाही तेव्हा आलं होतं.

एक गोष्ट मात्र त्या फार जपायच्या. तेलाची चिंधी कधी गोळा करून टाकायची नाही. एकेक चिंधी दगडावर उन्हात पसरून वाळवायची. त्या सुतारानं सांगितलं होतं, "बाई, जवसाची चिंधी बोळा करून ठेवू नका, पोटात आग धरते." त्यांनी ते मला सांगितलं, घरातही सांगितलं. घरात सगळे हसले.

त्या आठ दिवसांच्या साली पाहुणे यायचे होते. सकाळी मी भिंतीपाशी धुणं वाळत घालत होते. आत्याबाई बाहेर आल्या, दगडावरच्या चिंध्या पाहून तोंड वाकडं केलं. "अंगणात काय भिकाऱ्याचा बाजार मांडला!" असं म्हणून साऱ्या गोळा केल्या, बोळा केला आणि लहान खोलीत गोधड्यांसाठी ठेवलेल्या कापसाच्या टोपलीत दाबून बसवला. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. "चूल पेटवायले कामी येतीन," स्वतःशीच म्हणाल्या.

मला ठाऊक होतं. शब्द ओठांपर्यंत आला आणि तिथंच बसला. शेजारच्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईला काल आलेली सून काय सांगणार? सांगायला हवं होतं. ओरडून सांगायला हवं होतं!

दुपारी धूर निघाला. माणूस कोणी भाजलं नाही, पण कापूस, दोन गोधड्या आणि दाराची चौकट जळाली.

संध्याकाळी नाझरसाहेबांनी अंगणात उभं राहून चौकशी केली. "चिंध्या कोणी ठेवल्या?" आत्याबाईंनी वैनींकडे पाहिलं. वैनी म्हणाल्या, "म्या तर पसरल्या होत्या. तेल आपोआप पेटते, सुतार म्हणे."

"आपोआप? कोर्टात असं कोणी ऐकून घेईन का?"

ज्या माणसानं जन्म कोर्टात काढला, त्यानं एक साक्षीदार विचारला नाही. साक्षीदार छातीएवढ्या भिंतीमागे उभी होती. शेवटी वैनीच हळूच म्हणाल्या, "विसरली असीन मी. गाण्याच्या नादात."

जे पाहिलं ते मी आठ दिवस गिळून फिरले. वैनी दिसल्या की मान खाली. त्या मलाच विचारायच्या, "पोरी, मी पसरल्या होत्या ना गं? काऊन आठवत नाही मले?"

नवव्या दिवशी लाकूडतोड्या आला. आत्याबाईंनी तंबोरा अंगणात आणवला. "बंबाले लाव. घर जाळायची वस्तू पाणी तरी तापवू दे." वैनी दाराला धरून उभ्या. कुऱ्हाड वर गेली आणि माझ्या तोंडातून निघालं,

"आत्याबाई, चिंध्या तुम्ही टोपलीत कोंबल्या. म्या पाह्यलं!"

काय तो गोंधळ उठला! "शेजारची कालची पोर मले खोटं पाडते?" नाझरसाहेब बाहेर आले, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोपी घालून कोर्टात निघून गेले. एवढाच त्यांचा न्याय. एकदा तोंड उघडलं की मी थांबत नाही, हे तुम्ही जाणताच. म्हटलं, "बंबाले लाकूडच पाहिजे ना? मी दोन भारे बाभळीचं देते. हे खोड मले द्या." आणि भारे भिंतीवरून पलीकडे टाकलेसुद्धा.

तंबोरा माझ्या घरी आला. मागोमाग वैनी आल्या. मला वाटलं, तंबोऱ्याला कवटाळतील, निदान मला तरी झोडपतील, आठ दिवस गप्प बसले म्हणून. त्यांनी एवढंच विचारलं,

"म्हणजे मी विसरली नव्हती?"

"नाही वैनी."

"विसरली नव्हती ना?"

मग चुलीपाशी बसून पोटभर रडल्या.

दोन आश्विन त्या आमच्या अंगणात येऊन तेल लावून गेल्या. तेव्हा आपली राजधानी नागपूर, तिथून बदलीचा हुकूम आला, पार बालाघाटकडे. तंबोरा नेण्याची गोष्ट निघाली तर आत्याबाई म्हणाल्या, गाडीत जागा नाही. पाटावरवंट्याला जागा होती! वैनी भांडल्या नाहीत. तेलाची बाटली माझ्या हातात दिली. "चिंध्या पसरून वाळव," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

पुढच्या आश्विनात एक कार्ड आलं. त्यावर एकच ओळ, "तेल मुरलं का?" आणि खाली नाझरीणबाई नाही, त्यांचं स्वतःचं नाव. तेव्हा मला ते कळलं. तुम्हाला सांगणार नाही. मी उलट टपाली लिहिलं, "मुरलं." त्यानंतर कार्ड आलं नाही. मी दर साली लिहीत राहिले, पत्ता तोच घालून.

तर असं आहे. मी तेल लावते, पुसते, चिंध्या पसरते, एका बोटानं खर्ज छेडते. पण मला गाता येत नाही हो. माझ्या हाती वाचलं ते नुसतं लाकूड. तुमच्यात कोणी गाणारी असेल तर तिला घेऊन या. येताना जुनं मऊ लुगडं आणा. आश्विनाचं ऊन पडलं की या, उशीर करू नका.