शांती नगरातली सर्वांत मजबूत भिंत

माझ्या हातून आजवर एकही भिंत पडलेली नाही, आणि त्या रविवारी तर साधं भोकही पडलं नाही.

भोक हवं होतं ते शेल्फसाठी. माझे सासरे चिपळूणला आयटीआयमध्ये फिटरचं काम शिकवायचे. आम्ही मीरा रोडला शांती नगरात फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांनी स्वतः बनवलेलं सागवानी शेल्फ भेट दिलं आणि माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "जावईबापू, लावायला माणूस बोलवा हं. तुम्ही नका नादी लागू." (माझे हात ऑफिसात वाढलेत, मान्य!) ते वाक्य मला इतकं झोंबलं की मी चौदा महिने माणूस बोलावला नाही. शेल्फ सोफ्यामागे धूळ खात पडलं.

आणि शनिवारी त्यांचा फोन आला. "उद्या येतोय. शेल्फ कसं दिसतंय ते बघू एकदा."

"आता?" माझी बायको वैशाली म्हणाली. "बाबांना सोफ्यामागे वाकून बघायला लावू?"

"मी लावतो ना!" मी म्हणालो आणि तडक जाऊन नवंकोरं हॅमर ड्रिल घेऊन आलो. सासऱ्यांसमोर एकदाच, फक्त एकदाच, कर्तबगार दिसायचं होतं मला.

सुरक्षेत मी काही कमी ठेवलं नाही. डोळ्यांना पोहण्याचा गॉगल, कानांत कापूस, हातांत भांडी घासायचे रबरी मोजे आणि धूळ नको म्हणून नाकातोंडाभोवती वैशालीची ओढणी.

"भिंतीला भोक पाडतोयस की बँक लुटतोयस?" वैशालीने विचारलं. भिंतीतली वायर कुठून जाते ते बघून पेन्सिलने खुणा तिनेच करून दिल्या होत्या. म्हणजे घरातलं डोक्याचं काम झालेलं होतं.

मशीनच्या फिरत्या चकतीवर दोन चित्रं होती, एक हातोडीचं आणि एक ड्रिलचं. घरात तोडफोड नको, म्हणून मी हातोडी टाळली. बाजूला एक छोटं बटण होतं, डावीउजवीकडे सरकणारं. ओळख व्हावी म्हणून ते पाच-सहा वेळा सरकवलं आणि जिथे राहिलं तिथे राहू दिलं.

घुर्रर्रर्र! भिंतीवर एक पांढरा ठिपका उमटला. मी जोर लावला. ठिपका चकाकायला लागला. अर्ध्या तासाने ड्रिलच्या टोकातून धूर निघाला, माझ्या डोक्यातूनही निघत असावा, पण भोक? नाव नको!

एवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरचे जिग्नेशभाई. वर्षभर ते फ्लॅट विकायच्या मागे होते, पण दर पावसाळ्यात आमच्या जिन्याचं प्लास्टर पडायचं आणि त्यासोबत गिऱ्हाईकही गळायचं.

"अरे भाई, पार्टी आयी है घर देखने! कितना आवाज करते हो?"

"क्या करूँ? आधा घंटा हो गया, छेद ही नहीं हो रहा!"

जिग्नेशभाईंचे डोळे लकाकले. दोन मिनिटांत ते गिऱ्हाईकालाच खाली घेऊन आले. "देखो साहब! नया मशीन, आधा घंटा, एक छेद नहीं! आजकल ऐसा बांधकाम मिलता है? मारो भाई, मार के दिखाओ!"

मी मारून दाखवलं. धूर निघाला. साहेबांनी भिंतीवर टकटक केलं आणि आदराने मान हलवली. आवाज ऐकून आलेल्या समोरच्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "उगाच आपण बिल्डिंगला नावं ठेवतोय!" माझाही ऊर भरून आला, जणू भिंत मीच बांधली होती.

नेमके तेव्हा बाबा आले. त्यांनी पिशवी ठेवली आणि आधी प्लग काढला. मग माझी ओढणी आणि मोजे उतरवले. "फिरत्या मशीनसमोर लोंबतं काही नको. मोजा अडकला तर बोट घेऊन जातो." मग त्यांनी ते छोटं बटण पाहिलं. मग मला पाहिलं. बटण दुसरीकडे सरकवलं, चकती हातोडीवर आणली, गॉगल लावला.

खर्रर्र. सहा सेकंद. भोक!

वैशालीचा चहा उकळायच्या आत चारही भोकं पाडून झाली. खाली पांढऱ्या भुकटीची रांगोळी.

"ये तो थर्माकोल है!" साहेब दोन पावलं मागे सरकले. जिग्नेशभाईंचा चेहरा पडला.

बाबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "असतं कधीकधी... दीवार थोडा नरम होता है."

माझी अब्रू वाचवायला आयुष्यभर फिटिंग शिकवलेला माणूस भिंतीवर खोटा आळ घेत होता! मला भरून आलं आणि लाजही वाटली. एक तर भिंत कच्ची होती, नाहीतर मी. जिग्नेशभाई रडायच्या बेतात होते.

"साहब," मी म्हणालो, "दीवार एकदम मजबूत है. मशीन उल्टा घूम रहा था. हॅमर भी बंद था. आधा घंटा मैं दीवार को पॉलिश कर रहा था."

साहेब हसले. मग काकू. मग वैशाली, ती तर अजून हसतेय. बाबा तेवढे हसले नाहीत. शेल्फ लावलं आणि म्हणाले, "खुणा मात्र अगदी सरळ केल्यात हो जावईबापूंनी." (त्या कोणी केल्या होत्या हे मी सांगितलं नाही. एका दिवसात किती खरं बोलायचं?)

फ्लॅट विकला गेला. गेल्या आठवड्यात तेच साहेब दारात उभे. "भाईसाब, घर में तीन छेद करने हैं."

मी लगबगीने गॉगल शोधायला वळलो.

"नहीं नहीं, आप बैठो!" ते घाबरून म्हणाले. "बस इतना बताओ, आपके ससुरजी चिपलून से कब आ रहे हैं?"